एका बटणात टीव्ही, बॉक्स आणि साउंडबार: वन फॉर ऑल रिमोटचे मॅक्रो कितपत कामाचे?

तीन रिमोटचं काम एका रिमोटवर आणणं आता काही विशेष राहिलेलं नाही. शंभर-दोनशे रुपयांचे रस्त्यावरचे रिमोटही तेवढं करतात. एकच बटण दाबल्यावर टीव्ही, सेट-टॉप बॉक्स आणि साउंडबार तिन्ही सुरू व्हावेत, टीव्ही योग्य एचडीएमआयवर जावा आणि हे रोज बिनचूक व्हावं, हे मात्र जमवावं लागतं. युनिव्हर्सल इलेक्ट्रॉनिक्स या अमेरिकी कंपनीच्या 'वन फॉर ऑल' रिमोटमध्ये ही सोय वर्षानुवर्षं आहे. तिला मॅक्रो म्हणतात, म्हणजे एका बटणात साठवलेली अनेक बटणांची मालिका. 'मॅजिक' नावाचं बटण असलेल्या त्यांच्या मॉडेलांबद्दल हे परीक्षण आहे. मोबाइल अ‍ॅपवरून सेट होणारी त्यांची नवी मॉडेलं वेगळ्या पद्धतीने चालतात, ती इथे धरलेली नाहीत. अमेरिकेत राहणाऱ्यांनी केबल कंपनीने दिलेला रिमोट एकदा पाहावा. तो बऱ्याचदा याच कंपनीने बनवलेला असतो, मॅजिकच्या जागी 'सेटअप' लिहिलेलं असतं आणि यंत्राचा सेटअप कोड (कोणतं यंत्र चालवायचं हे रिमोटला सांगणारा क्रमांक) शोधायला ९-९-१, सगळं पुसायला ९-८-१ हे आकडे तिथेही चालतात.

आधी निकाल सांगतो. टीव्ही, बॉक्स, साउंडबार असा ठरलेला संच असेल आणि घरात रिमोटच्या भानगडीला कंटाळलेलं वयस्कर माणूस असेल, तर पैसे वसूल. एसी किंवा फायर टीव्ही स्टिक डोळ्यासमोर ठेवून घेत असाल, तर घेऊ नका. कारणं पुढे येतीलच.

मॅक्रो भरायची कृती लहान आहे. मॅजिक बटण दाबून धरा, वरचा लाल दिवा दोनदा लुकलुकला की सोडा. ९-९-५ दाबा, दिवा पुन्हा दोनदा लुकलुकतो. मग ज्या बटणावर मॅक्रो हवा ते बटण एकदा दाबा. त्यानंतर हव्या त्या क्रमाने बटणं दाबत जा, म्हणजे आधी यंत्राचं बटण (टीव्ही, सेट-टॉप बॉक्ससाठी एसटीबी, साउंडबारसाठी ऑडिओ), मग त्या यंत्राला द्यायची आज्ञा, मग पुढचं यंत्र. शेवटी मॅजिक पुन्हा दाबून धरा. दोनदा लुकलुकणं म्हणजे जतन झालं. एकदाच लांब लुकलुकलं तर काहीतरी फिसकटलं, पहिल्यापासून सुरू करा. पुसायचा असेल तर ९-९-५, ते बटण, आणि मध्ये काहीही न दाबता थेट मॅजिक धरायचं. रिकामा मॅक्रो म्हणजे पुसलेला मॅक्रो.

भरताना रिमोट इन्फ्रारेड सोडत नाही, त्यामुळे समोर काहीच घडत नाही आणि आपण कुठवर आलो हे कळत नाही. मध्ये विचार करत थांबलात तर रिमोट सेटअपमधून आपसूक बाहेर पडतो. म्हणून क्रम आधी कागदावर लिहा आणि त्यावर बोट ठेवून बटणं दाबा. एका मॅक्रोत किती बटणं बसतात याला मर्यादा आहे आणि ती मॉडेलप्रमाणे बदलते. जुन्या बऱ्याच मॉडेलांत ती पंधरा होती. यंत्राचं बटणही त्या मोजणीत धरलं जातं हे लोक विसरतात आणि शेवटची एचडीएमआयची आज्ञा बाहेर राहते.

मॅक्रो कोणत्या बटणावर ठेवायचा, याचा विचार पुस्तिकेपेक्षा जास्त करायला हवा. एकदा लाल बटणावर मॅक्रो बसला की टीव्ही मोडमध्ये असा नाहीतर बॉक्स मोडमध्ये, लाल बटण मॅक्रोच चालवतं. मूळ काम हवं असेल तर आधी मॅजिक, मग ते बटण. अंकाचं बटण असेल तर मॅजिक दोनदा. त्यामुळे अंकांवर, आवाजाच्या बटणांवर किंवा 'ओके'वर मॅक्रो ठेवणं म्हणजे घरातल्या बाकीच्यांना छळणं आहे. रंगीत चार बटणं यासाठी उत्तम. बॉक्समध्ये त्यांचा उपयोग असेलच तर तो बहुधा महिन्यातून एखाद्या वेळी.

आता खरा मुद्दा. रिमोट बोलतो, ऐकत नाही. टीव्ही आधीच चालू होता का, आज्ञा पोचली का, टीव्ही अजून जागा होतोय का, यातलं त्याला काहीही समजत नाही. मॅक्रो भरणं म्हणजे हे सगळं आपण आधीच धरून चालणं. मॅक्रो 'कधी चालतो, कधी नाही' अशा बहुतेक तक्रारींचं मूळ दोनच ठिकाणी असतं, वेळेत किंवा पॉवर बटणात.

वेळेचं आधी घेऊ. एक आज्ञा साधारण सेकंदाच्या दहाव्या भागात जाते. एनईसी या रिमोट संकेतांच्या प्रचलित पद्धतीत एक पूर्ण संदेश ६७.५ मिलिसेकंदांचा असतो आणि बटण धरून ठेवलं तर सुमारे ११० मिलिसेकंदांनी पुन्हा खूण जाते. मधली अंतरं धरूनही आठ-दहा आज्ञांचा मॅक्रो काही सेकंदांत संपतो. स्मार्ट टीव्हीला मात्र चालू झाल्यावर इनपुट बदलण्याच्या स्थितीत यायला त्याहून जास्त वेळ लागू शकतो. म्हणजे 'टीव्ही चालू, एचडीएमआय १, बॉक्स चालू, साउंडबार चालू' हा सगळ्यांना आधी सुचणारा क्रम हमखास फसतो. एचडीएमआयची आज्ञा जाते तेव्हा टीव्ही अजून कंपनीचा लोगो दाखवत असतो.

क्रम असा ठेवा: टीव्ही, चालू, एसटीबी, पॉवर, ऑडिओ, पॉवर, टीव्ही, एचडीएमआय १, एसटीबी. एकूण नऊ बटणं. सगळ्यात संथ यंत्राला सगळ्यात आधी उठवायचं, बाकीच्यांच्या आज्ञा जाईपर्यंत त्याला वेळ द्यायचा आणि इनपुटची आज्ञा शेवटी. अगदी शेवटचं एसटीबी बटण चुकून पडलेलं नाही. मॅक्रो संपल्यावर रिमोट शेवटच्या यंत्राच्या मोडमध्ये राहतो. ते बटण नसेल तर रिमोट टीव्ही मोडमध्ये अडकतो, आजी चॅनलचा नंबर दाबतात आणि 'बिघडला' म्हणतात.

तरीही वेळ कमी पडत असेल तर मधे भराव घाला, म्हणजे जे यंत्र घरात नाही त्याच्या मोडमधलं एखादं निरुपद्रवी बटण तीन-चारदा. प्रत्येक दाबणीने थोडी उसंत मिळते, पण मर्यादेतली जागाही जाते. फार संथ टीव्ही असेल तर हट्ट सोडून दोन मॅक्रो करा: लाल बटणावर 'सगळं सुरू', हिरव्यावर 'बॉक्सचं इनपुट'. टीव्ही शेवटच्या इनपुटवरच उघडत असेल तर हिरव्याची गरजही पडत नाही. टीव्हीच्या सेटिंगमध्ये तशी निवड आहे का ते आधी बघा, कारण मॅक्रोतली एक आज्ञा कमी झाली की बिघाडाची एक जागा कमी होते.

यातच एक साधी गोष्ट येते. मॅक्रो संपेपर्यंत रिमोट समोर धरून ठेवावा लागतो. लोक बटण दाबतात आणि रिमोट लगेच सोफ्यावर टाकतात. पहिली आज्ञा टीव्हीला लागते, उरलेल्या उशीत जातात. दिवा लुकलुकायचा थांबेपर्यंत हात खाली घ्यायचा नाही, हे घरातल्या प्रत्येकाला सांगावं लागतं.

दुसरं दुखणं पॉवर बटणाचं. बहुतेक रिमोटवरचं पॉवर बटण उलटापालट करतं, चालू असेल तर बंद, बंद असेल तर चालू. कोणी साउंडबार हाताने आधीच लावून ठेवला असेल तर तुमचा 'सगळं सुरू' मॅक्रो टीव्ही लावतो आणि साउंडबार विझवतो. आपल्याकडे यात लाइट जाण्याची भर. लाइट आल्यावर काही सेट-टॉप बॉक्स आपोआप सुरू होतात, टीव्ही मात्र स्टँडबायवर थांबतो. त्यानंतर मॅक्रो दाबला की सगळंच उलटं होतं. लोडशेडिंग असलेल्या गावात निव्वळ पॉवर बटणावर उभा केलेला मॅक्रो आठवडाभरही धड चालणार नाही.

यावर इलाज म्हणजे 'फक्त चालू' आणि 'फक्त बंद' असे वेगळे कोड. टीव्हीसोबत आलेल्या रिमोटवर ती बटणं सहसा नसतात, पण बऱ्याच टीव्हींना ते कोड समजतात. सोनी टीव्हीत यंत्र क्रमांक १ वर ४६ म्हणजे चालू, ४७ म्हणजे बंद, आणि नेहमीचं उलटापालट बटण २१. एलजीत यंत्र क्रमांक ४ वर १९६ चालू, १९७ बंद. सॅमसंगमध्ये यंत्र क्रमांक ७ वर १५३ चालू, १५२ बंद. एलजीची एचडीएमआय इनपुटंही अशीच थेट आहेत: पहिलं २०६, दुसरं २०४, तिसरं २३३. थेट इनपुटचा कोड असला की 'इनपुट बटण तीनदा' असला अंदाजपंचे प्रकार करावा लागत नाही.

हे मूळ प्रोटोकॉलमधले, म्हणजे इन्फ्रारेड संकेतांच्या भाषेतले क्रमांक आहेत, ते रिमोटमध्ये जसेच्या तसे भरता येत नाहीत. वन फॉर ऑलमध्ये यासाठी ९-९-४ आहे: मॅजिक, ९-९-४, पुन्हा मॅजिक एकदा, मग जादा कामाचा कोड, मग ज्या बटणावर हवा ते बटण. जुन्या मॉडेलांत हा कोड तीन आकडी, नव्यात पाच आकडी. तो टीव्हीच्या सेटअप कोडप्रमाणे बदलतो, म्हणून शेजाऱ्याचा कोड तुमच्याकडे चालेलच असं नाही. कंपनीच्या ग्राहक सेवेकडून तो मिळू शकतो.

सोपा रस्ताही आहे. रेडमीसारख्या ज्या फोनमध्ये इन्फ्रारेड आहे, त्यावर स्वतःचे कोड भरू देणारं अ‍ॅप घाला, वरचे क्रमांक भरा, टीव्हीवर आजमावा, आणि चालले की फोनवरून तेच वन फॉर ऑलला शिकवा, म्हणजे फोनचा संकेत रिमोटमध्ये उतरवून घ्या (कृती पुढे आहे). जे बटण कंपनीने कधी बनवलंच नाही ते तुमच्या रिमोटवर येतं.

वेगळे कोड नसलेल्या यंत्रांसाठी एक जुनी युक्ती आहे. काही बॉक्स आणि टीव्ही स्टँडबायवर असताना अंक किंवा चॅनल-अप दाबलं तरी उठतात, आणि चालू असताना त्याच बटणाने बंद मात्र होत नाहीत. म्हणजे ते बटण 'फक्त चालू'चं काम करतं. 'फक्त बंद' हवं असेल तर मॅक्रोत आधी तेच बटण, मधे थोडा भराव, मग पॉवर. आधी काहीही असो, उठवून मग झोपवलं की शेवट ठरलेला. तुमचा बॉक्स असा उठतो का हे दोन मिनिटांत कळतं, मॅक्रो भरण्याआधीच बघा.

एचडीएमआयवरून यंत्रं एकमेकांना उठवतात ती सोय, म्हणजे सॅमसंगची एनीनेट प्लस, एलजीची सिंपलिंक, सोनीची ब्राव्हिया सिंक, चालू असेल तर मॅक्रो करताना तिला विसरू नका. टीव्ही उठला की तो एआरसीवरच्या (म्हणजे टीव्हीचा आवाज एचडीएमआय वायरनेच घेणाऱ्या) साउंडबारला स्वतःच उठवतो. त्यावर मॅक्रोतली पॉवर आज्ञा पोचली की साउंडबार बंद. लोक रिमोटला दोष देतात, प्रत्यक्षात दोन मालक एकाच नोकराला हुकूम सोडत असतात. एक काहीतरी ठरवा. साउंडबार एआरसीवर असेल तर मॅक्रोतून त्याची पॉवर काढून टाका आणि ते काम टीव्हीवर सोपवा. ऑप्टिकल वायरवर असेल तर मॅक्रोत ठेवा.

आता शिकवण्याबद्दल. परदेशी बाजारासाठीच्या कोडयादीत आपल्याकडचा डीटीएच बॉक्स सापडेल या भरवशावर राहू नका. शिकवण्याची सोय आहे का ते खोक्यावर वाचूनच घ्या. कृती अशी: मॅजिक, ९-७-५, ज्या यंत्रात ठेवायचं त्याचं बटण, मग वन फॉर ऑलवरचं रिकामं बटण, मग मूळ रिमोटवरचं बटण दिवा दोनदा लुकलुकेपर्यंत. दोन्ही रिमोट टेबलावर तोंडाला तोंड लावून, २ ते ५ सेंटीमीटर अंतरावर. हातात धरून करू नका, अंतर हलतं. खिडकीतलं ऊन आणि सीएफएल दिवे यात व्यत्यय आणतात, पडदा ओढा. मूळ रिमोटमधले सेल मेलेले असतील तर शिकवलेला कोडही लंगडाच उतरतो, दोन नवे सेल आधी घाला. मूळ रिमोट मुळात काही सोडतो का, हे फोनच्या पुढच्या कॅमेऱ्यात बघता येतं. बटण दाबल्यावर टोकाशी जांभळट ठिपका चमकला पाहिजे. काहीच दिसलं नाही आणि यंत्र चालतंय, तर तो रिमोट बहुधा ब्लूटूथवर आहे आणि इन्फ्रारेडने शिकवायला त्यात काही नाही.

चॅनलचा मॅक्रो हा या रिमोटचा घरगुती राजा. निळ्या बटणावर झी मराठी, पिवळ्यावर स्टार प्रवाह. वयस्कर माणसांना तीन-चार आकडे दाबण्यापेक्षा रंग लक्षात ठेवणं सोपं. कृती तीच: ९-९-५, निळं बटण, एसटीबी, मग आकडे. कंपन्या चॅनलचे नंबर बदलतात तेव्हा तेवढा एक मॅक्रो पुन्हा भरायचा. यात एक खास अडचण येते. नंबरात एकच आकडा लागोपाठ दोनदा असेल, समजा ११ किंवा ५५, आणि आकडे शिकवून घेतलेले असतील, तर कधीकधी दुसरा आकडा बॉक्सपर्यंत पोचल्यासारखा वाटतच नाही. फिलिप्सने आणलेल्या आरसी-५ आणि आरसी-६ पद्धतींत प्रत्येक नव्या दाबणीला संदेशातलं एक बिट (० किंवा १ ची खूण) उलटतं. त्यावरून यंत्राला कळतं की बटण धरून ठेवलेलं नसून पुन्हा दाबलंय. शिकवलेल्या कोडात ते बिट गोठून जातं. बॉक्सला दोन्ही पाच म्हणजे एकच लांब पाच वाटतो. उपाय दोन: कोडयादीतला तयार कोड मिळाला तर तोच वापरा, त्यात रिमोट ते बिट स्वतः उलटवतो. नाहीतर दोन सारख्या आकड्यांच्या मधे दुसऱ्या यंत्राची एखादी निरुपयोगी आज्ञा घाला आणि बघा. दुसरा उपाय काही बॉक्सवर चालतो, काहींवर नाही.

मूळ रिमोटवर जे काम बटण तीन-चार सेकंद दाबून धरल्यावर होतं, ते मॅक्रोत येईल अशी अपेक्षा ठेवू नका. मॅक्रो प्रत्येक बटणाला फक्त टिचकी मारतो.

फायर टीव्ही स्टिकचा रिमोट स्टिकशी ब्लूटूथवर बोलतो, टीव्हीशी तेवढा इन्फ्रारेडवर. म्हणून इन्फ्रारेडवाला वन फॉर ऑल स्टिकला थेट काहीच सांगू शकत नाही. पळवाट एवढीच की एचडीएमआयची वरची सोय चालू ठेवली तर टीव्हीच्या रिमोटचे बाण आणि ओके टीव्ही स्टिककडे पोचवतो. म्हणजे मॅक्रोत टीव्ही मोडचे बाण घालायचे. चालतं, पण संथ चालतं, आणि लांबलचक मॅक्रोवर भरवसा ठेवू नये.

एसीचं तर गणितच निराळं. टीव्हीच्या रिमोटवर आवाज वाढवायचं बटण 'वाढव' एवढंच सांगतं. एसीच्या रिमोटवर तापमान वाढवलं की तो तापमान, मोड, पंख्याचा वेग, झडपेची हालचाल अशी सगळी स्थिती एका लांब संदेशात पाठवतो. म्हणून 'तापमान +' शिकवायला गेलात तर शिकलं जातं ते '२५ अंश, कूल, पंखा मध्यम' असं एक अख्खं चित्र, आणि पुढच्या दाबणीलाही तेच. वर हे लांब संदेश साध्या शिकणाऱ्या रिमोटच्या स्मृतीत बऱ्याचदा मावतच नाहीत. एसीसाठी ब्रॉडलिंक आरएम४ मिनी हे वायफायवरचं इन्फ्रारेड यंत्र जास्त कामाचं. त्यात '२६ अंश, पंखा हळू, झडप चालू' ही स्थिती मूळ रिमोटवर लावून एकदा शिकवायची. पूर्ण स्थिती एका संदेशातच असल्याने मॅक्रोची गरजच नाही. त्याच्या अ‍ॅपमधल्या 'सीन'मध्ये दोन आज्ञांमध्ये सेकंदांचा विराम घालता येतो. वन फॉर ऑलमध्ये आपण भराव घालून जे झगडतो, ते इथे सरळ होतं.

पण ब्रॉडलिंकला बटण नाही. फोन उघडा, अ‍ॅप उघडा किंवा अ‍ॅलेक्साला सांगा. त्याला २.४ गिगाहर्ट्झचंच वायफाय लागतं. राउटरवर २.४ आणि ५ एकाच नावाखाली असतील तर जोडणी अडते, सेटअपपुरतं ५ बंद करा. आणि इन्फ्रारेड भिंतीपलीकडे जात नाही, त्यामुळे दिवाणखान्यातलं यंत्र झोपायच्या खोलीतला एसी लावणार नाही. होम असिस्टंट (घरातली स्मार्ट यंत्रं एकत्र चालवणारा मोफत प्रोग्रॅम) वापरणाऱ्यांनी ब्रॉडलिंकच्या अ‍ॅपमधलं यंत्राचं लॉक काढावं, नाहीतर जोडणी अडू शकते. वर सांगितलेल्या उलटणाऱ्या बिटासाठी तिथल्या शिकवण्याच्या आज्ञेत 'अल्टरनेटिव्ह' हा पर्याय आहे. तो दोन्ही रूपं शिकतो आणि आळीपाळीने पाठवतो.

रिमोटवर चालणारे बीएलडीसी पंखे मात्र वन फॉर ऑलला चांगले जमतात, अर्थात रिमोट इन्फ्रारेड असेल तर. पंख्याच्या रिमोटवर १ ते ५ अशी वेगाची स्वतंत्र बटणं असतील तर मॅक्रोत वेगच घाला, पॉवर नको.

लॉजिटेकच्या हार्मनी रिमोटशी तुलना होणारच. कोणतं यंत्र चालू आहे हे हार्मनी लक्षात ठेवायचा, चालू व्हायचा विलंब आणि दोन आज्ञांमधलं अंतर यंत्रागणिक ठरवू द्यायचा, आणि काही चुकलं तर 'हेल्प' बटण प्रश्न विचारत दुरुस्त करायचं. या बाबतीत वन फॉर ऑल त्याच्या आसपासही नाही. पण लॉजिटेकने एप्रिल २०२१ मध्ये हार्मनी बनवणं थांबवल्याचं जाहीर केलं आणि त्याची जुळणी कंपनीच्या सर्व्हरवर अवलंबून आहे. जुना हार्मनी चढ्या भावात घेणं शहाणपणाचं नाही. वन फॉर ऑल कोणत्याही सर्व्हरशिवाय चालतो, आणि सेल बदलले तरी भरलेलं पुसत नाही.

संगणकाशी खेळायची आवड असेल तर विकत घेण्याआधी सेलच्या खणात सहा पिनांची जागा आहे का बघा. ती असलेल्या मॉडेलांना खास केबलने संगणक जोडून 'रिमोटमास्टर' या मोफत प्रोग्रॅममधून मॅक्रो लिहिता येतात, वर दिलेले मूळ क्रमांकही सरळ भरता येतात. काही मॉडेलांसाठी हौशी लोकांनी लिहिलेले जोडप्रोग्रॅम आहेत, त्यांनी मॅक्रोत खराखुरा विराम येतो आणि एकाच बटणाच्या छोट्या व लांब दाबणीला वेगळी कामं देता येतात.